चौथं पान

ग्रिम्सबीत सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी
आयव्ही मॉल्टबीच्या स्वयंपाकघरात
आधी गोळ्या मोजते, मग चहा, मग पेपर.
हा क्रम तिनं लावलाय. एजन्सीच्या कागदावर
पेपर कुठंच नाही.
तीस मिनिटं : अंग पुसणं, नाश्ता, औषध, सही.

तिची नजर मधोमध विझलीय.
कडेकडेनं दिसतं म्हणते,
दाराच्या फटीतून शेजाऱ्यांचं भांडण दिसावं तसं.

वाचायचं मागून. आधी मेलेले.
"कोण गेलं?" हे ती
"कोण आलंय?" च्या सुरात विचारते.
एक ट्रॉलरवरचा खलाशी, एक बस-कंडक्टर बाई,
एक रेमंड. "नाचताना पाय तुडवायचा,"
असं म्हणून टोस्टचा तुकडा मोडते.

मग चोऱ्या. चर्चच्या छपराचं शिसं
पुन्हा उचकटून नेलं, तिसऱ्यांदा.
"देवानं आता पत्रे घालावेत," आयव्ही म्हणते.
बस स्टँडमागं एका पोराच्या खिशात सुरी सापडली,
वय पंधरा, नाव छापलेलं नाही.
इथं ती हात पुसते. काही बोलत नाही.

वॉर्डाची पोटनिवडणूक :
जुना गडी पडला, एकेचाळीस मतांनी.
नवा म्हणतो, खड्डे बुजवीन आणि समुद्रही.
समुद्राचं मी पदरचं घातलं.
ती हसली, मग खरं सांगायचं राहूनच गेलं.

संस्कृती सहाव्या पानावर :
ब्रास बँडला ट्यूबा फुंकायला माणूस मिळेना.
बंद पडलेला बिंगो हॉल आता नाटकघर होणार
किंवा गोदाम. समिती शुक्रवारी बसेल.
"तुमच्याकडं काय वाजतं?" तिनं विचारलं.
मी मिरजेच्या गल्लीतले भोपळे सांगितले,
सतारीसाठी वाळत घातलेले, पोटं पोखरलेले.
तिला ते सूपचे वाटले असणार.

मग मी पान उलटलं.

"दोन उलटलीस."
"चिकटली होती."
"एकतीस वर्षं मासळी सोललीय मी.
कातडी एक की दोन, मला कानानं कळतं."

चौथं पान. हॉटेलात ठेवलेली माणसं,
शनिवारचा मोर्चा, फुटलेली एक काच,
पोलिसांच्या दोन्ही बाजूंना घोषणा.
आणि खाली चौकटीत पत्र.
"पूर्ण आदर राखून सांगतो," अशी सुरुवात.
पुढं दवाखान्यांतल्या रांगा, घरांची भाडी,
आमच्या आया परक्यांच्या हातांत,
पुरे झालं, परत धाडा.
मी वाचलं हवामान वाचल्यागत, सपाट.
सहीच्या जागी : नाव दिलेलं नाही, क्लीथॉर्प्स.

तिनं कप चाचपून बशीत ठेवला.
"पूर्ण आदर राखून," ती म्हणाली,
"खाऊला पैसे मागतानाही असंच म्हणायचा."

केटल गार होताना टकटक करत राहिली.
भिंतीवर कीथ, शाळेचा टाय, पुढचा एक दात नसलेला.
तो शेवटचा आला ईस्टरला.
आज ऑक्टोबरची नऊ.

मी काय बोलणार?
माझीही आई या घटकेला परक्या हातांत आहे.
मालन कोळेकर, सांगलीहून येते, महिना नऊ हजार.
शेवटची एसटी चुकेल म्हणून
आई तिला साडेपाचलाच सोडते
आणि फोनवर मला सांगते, आहे इथंच, आत आहे.
पत्रातलं तेवढं एक वाक्य
मला खोडता आलं नसतं.

पाय धुवायचे राहिले होते.
टबाखाली पेपर अंथरला, तर चौथंच पान वर आलं.
उचलून पालथं केलं. खेळाचं आलं, ग्रिम्सबी हरलेली.
"भरती कधी?" तिनं विचारलं.
"दोन अकराला."
तिनं मान डोलावली,
जणू घरचं कोणी अजून बोटीवर आहे.

सात एकेचाळीस झाले होते.
जादा सहा मिनिटं मी लिहिली नाहीत.
बाहेर निळ्या डब्याचा दिवस. रद्दी इथं कुणी
वजनानं घेत नाही.